काळी दोन

सिन्नरहून निघताना पाऊण वाजला.
आधी स्पीकर, मग ड्रम, मग आम्ही,
ट्रॅव्हलरमध्ये बसण्याचा हाच क्रम;
माणसं दुमडता येतात, पेट्या नाही.
शरणपूरचा विल्सन साळवे बेस पायांत धरून झोपलाय,
एजाजचा गाल खिडकीला.
हर्षदा चिठ्ठ्या मोजतेय :
सदतीस जणांनी नावं दिली, एकोणतीस गायले,
चौघांनी मधेच माइक बायकोकडे दिला,
एक सरळ जेवायला गेला.

आमच्याकडे गायक नाही.
लोक विचारतात, सिंगर कोण?
तुम्ही, आम्ही म्हणतो,
आणि ते मागे वळून बघतात
कुणाला म्हणतोय ते.

माझं काम तसं सोपं.
माणूस स्टेजच्या पायऱ्या चढतो तेवढ्यात त्याची पट्टी ओळखायची.
माइक दोन्ही हातांनी धरला तर अर्धा स्वर खाली.
"मी काही गात नाही हं" म्हणणारा हमखास
अंतऱ्यात वर जातो, त्याला आधीच जागा ठेवावी लागते.
ओझरच्या हळदीत नवरदेवाची मावशी काळी पाचला उठली
आणि पांढरी तीनवर उतरली, वाटेत कुठेही न थांबता.
आम्ही मागोमाग उतरलो.
तिला वाटलं तीच बरोबर.
होतीच.

दिंडोरीकडे, द्राक्षांच्या रांगांपलीकडच्या लॉनवर
आयटीतल्या पोरांनी एकच गाणं सहा वेळा गायलं
आणि सहाव्यांदा रडली.
चांदवडला लाइट गेली.
तुषार पगारेनं ऑक्टापॅड सोडून
खुर्चीच्या पाठीवर ठेका धरला,
अंधारात कुणीतरी अख्खं गाणं गाऊन गेलं.
उजेड आल्यावर शोधला, सापडला नाही.
म्हणे तलाठी होता.

आज ढिकले.
वायंडिंग विभाग, एकतीस वर्षं, शेवटचा दिवस.
चिठ्ठीवर गाण्याचं नाव लिहून खोडलेलं, खाली तेच परत.
गळ्यात हार, बगलेत कंपनीनं दिलेलं भिंतीवरचं घड्याळ,
ठेवायचं कुठे ते न कळून तसंच घेऊन आलेले.
मी सुरुवातीचा तुकडा वाजवला.
तोंड उघडेना.
परत वाजवला. तुषारनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली : फिरव.
परत.
एचआरची मुलगी हातवारे करू लागली, जेवण थंड होतंय.
पाचव्या फेरीला लक्षात आलं, ते ऐकतायत.
मशीनला कान देतात तसं,
कुठे घासतंय का, कुठे ढिलं आहे का.
सातव्या फेरीला घड्याळ विल्सनच्या ॲम्पवर ठेवलं
आणि गायले.
दुसरं कडवं आठवेना, पहिलंच परत घेतलं,
आम्हीही पहिलंच घेतलं.
कॅन्टीनवाले झारे हातात घेऊन दारात आले होते,
एवढंच सांगतो.

शिंदे टोलनाक्यापुढे फोन. अनोळखी नंबर.
"झोपला नाहीत ना? ढिकले बोलतोय.
घड्याळ तुमच्या डब्यावर राहिलं."
मागे वळून पाहिलं, खरंच, पेट्यांच्या बेचक्यात टिकटिक.
"असू द्या, ते होईल कधीही.
माझी पट्टी कोणती होती, तेवढं सांगता?"
काळी दोन, म्हटलं.
"थांबा, लिहून घेतो."
ड्रॉवर उघडल्याचा आवाज, बायको काहीतरी विचारतेय,
पेन चालत नाहीये.
"काळी... दोन. अठ्ठावन्न वर्षांत माहीतच नव्हतं बघा.
रक्तगट माहीत होता."

द्वारकेला चहाची गाडी उघडी होती.
उद्या इगतपुरी, परवा पिंपळगाव,
तिथी संपेपर्यंत असंच.
भाऊलालनं घड्याळ डॅशबोर्डवर टेकवलं,
चार मिनिटं पुढे आहे म्हणाला.
साठची लय, तुषार म्हणाला
आणि काचेवर बोटं वाजवू लागला,
साठला, मग बासष्टला, मग सत्तरला.
त्याचं हे नेहमीचं आहे.
तो पळतो.